दुप्पट धर्मादा

परवा लेकीनं फोनवरून मागवलेला केसांचा चाप घरी आला. तो कुठल्या देशातून निघाला होता, ते पुडक्यावर बारीक अक्षरात छापलं होतं. त्याच संध्याकाळी टीव्हीवर चार शहाणे भांडत होते, की घरबसल्या परदेशातून मागवलेल्या असल्या चिल्लर वस्तूंवर कर लावावा की लावू नये. एक म्हणे, नाही लावला तर इथला दुकानदार बुडतो. दुसरा म्हणे, लावला तर गरिबानं काय घ्यायचंच नाही का. लेक म्हणाली, "आई, तुला काय वाटतं? तुझा तर जन्म दुकानात गेलाय." हा प्रश्न मला एकदा पडून गेलाय आणि तेव्हाही माझं डोकं असंच भणभणलं होतं.

माझं माहेर धर्मापुरीचं, शेतीवाडीचं. लग्न होऊन आले ती दिंद्रुडकडच्या एका बाजाराच्या गावात, लिंगायत दुकानदाराच्या घरात. दुकान कटलरीचं. कंगवे, रिबिनी, सेफ्टी पिना, आरसे, कुंकवाचे करंडे, छत्र्या, बॅटऱ्या आणि त्यांचे सेल. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. मामा पहाटे लिंगपूजा करून, कपाळाला भस्म लावून दुकानात जायचे आणि भाव एकदाच सांगायचे. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की ते सरळ छताकडं बघत बसायचे. आत्याबाईंचे म्हणजे सासूबाईंचे गुडघे धरले, तेव्हा बायकांचं गिऱ्हाईक सांभाळायला मामांनी मला दुकानात बसवलं. चुलीपुढून उठून त्या लाकडी स्टुलावर बसले, त्या दिवशी मला केवढा आनंद झाला होता. दहा गावच्या बायका तिथं येऊन बोलायच्या. ते स्टूल म्हणजे माझं जग होतं, त्यामुळं दुकानाला काही झालं असतं तर मामांच्या खालोखाल माझंच नुकसान होतं.

आमच्या पेठेची सगळी दुकानं महादेवाच्या देवस्थानाच्या जागेवर. भाडं असं कुणी देत नसे. आठवडी बाजार उठला की प्रत्येक दुकानदार देवळातल्या पेटीत आपला धर्मादा टाकायचा, त्यातून श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी भंडारा व्हायचा. धर्मादा घालणारा माणूस पेठेचा. त्याची जागा त्याची, भंडाऱ्यात वाढायचा मान त्याचा. ओळीनं चार बाजार धर्मादा चुकला, तर मात्र जागा मोकळी धरायची, मग तो कितीही जुना असो. सरकारी विक्रीकर आम्ही भरायचो तो कुरकुरत. धर्मादा घालताना कुणी कुरकुर केलेली मला आठवत नाही.

तेव्हा नुकतं सगळं खुलं झालं होतं. म्हणजे नेमकं काय खुलं झालं ते आम्हाला माहीत नव्हतं, पेपरात तसं यायचं. आमच्या बाजारात ते खुलेपण आलं एका ताडपत्रीवर बसून. मांजरसुंब्याकडचा एक तरणा माणूस, घरी मेंढरं, पण हा ढाब्यावर ट्रकवाल्यांच्यात राहून मुंबईच्या मालाची वाट शिकलेला. आमच्या समोरच त्यानं पसारा मांडला. फुलपाखरासारखे उघडझाप करणारे चाप, घडी होऊन पर्समध्ये मावणारी छत्री, सेल न लागणारी बॅटरी. सगळं परदेशी आणि सगळं आमच्यापेक्षा स्वस्त. त्याच्याकडं रंगीत चित्रांचं एक पुस्तक पण होतं. जवळ नसलेली वस्तू बायकांनी चित्रावर बोट ठेवून सांगायची, पुढच्या बाजाराला ती हजर. दुकान नाही, कपाट नाही, पाटी नाही. आताचा फोन तरी वेगळं काय करतो?

बायका त्याचा चाप डोक्याला लावून माझ्याकडं यायच्या आणि विचारायच्या, "वैनी, कसा दिसतोय?" छानच दिसायचा, काय सांगू. मी पण एक घेतला. घरात डोक्यावरून पदर असतो, त्यामुळं कुणाला दिसला नाही.

मामा मात्र आतून पेटले होते. रात्री जेवताना म्हणाले, "आपुन लायसन काढायचं, सरकारला भरायचं, देवाला घालायचं. आन् ह्यो ताडपत्री झटकून चालला घराला. ह्याला कायच का न्हाई?"

आत्याबाई म्हणाल्या, "बाजाराची पावती फाडतो की त्यो."

"ती तर कोथिंबिरीवाली बी फाडती," मामा म्हणाले.

मला दोघांचंही पटत होतं. मामांचं पटायचं तेव्हा चाप डोक्यात टोचायचा, आणि चाप आरशात बघितला की मामांचं पटेनासं व्हायचं. शिवाय आमचे कंगवे तरी कुठं गावात होत होते? ते पण मुंबईहूनच यायचे. लांबचं म्हणजे किती लांबचं, हे कुणी ठरवायचं?

पेठेची बैठक देवळात बसली. दोघा-तिघांचं म्हणणं, ताडपत्री उचलून फेकून द्या. मामा आडवे आले. दांडगाई नको, नियमानं वागू, असं म्हणाले. मग मामांनीच नियम काढला, की बाहेर देशाचा माल विकणाऱ्यानं धर्मादा घालायचा आणि तो दुप्पट. सगळ्यांना पटलं. असला माणूस देवाच्या पेटीत दुप्पट कशाला घालतोय, आपणच गाशा गुंडाळील, असा हिशेब. मामा घरी आले ते खुशीत, आणि त्यांनी ते सगळं साग्रसंगीत सांगितलं.

आत्याबाई लसूण सोलत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "आन् त्यानं घातला तर?"

"तर घातला. आपलं काय जातंय?"

"ज्याचा धर्मादा घेतला त्याला उठवता येत न्हाई. तुमच्याच बापाचा नियम हाय."

पेठेतल्या एवढ्या बाप्यांपैकी एकाच्याही ध्यानात हे आलं नव्हतं. कर म्हटलं की जाच, एवढंच त्यांना दिसलं, आणि आमच्या पेठेत धर्मादा कधी जाच नव्हताच. पण शब्द देवळात दिलेला, आता मागं कसा घ्यायचा?

पुढच्या बाजारी मामांनी ताडपत्रीवाल्याला नियमाचा निरोप धाडला. तो लगेच उठला, चपला काढून देवळात गेला, दुप्पट धर्मादा पेटीत टाकला आणि पिंडीपुढं डोकं टेकवून बाहेर आला. मामांसमोर हात जोडून म्हणाला, "लई बरं झालं बघा. दोन वरसं झाली, कुणी मला माणसात धरंना. आता माझी जागा कंची?"

मामा बराच वेळ छताकडं बघावं तसं आभाळाकडं बघत राहिले. मग त्यांनी आमच्या पायरीलगतच्या लिंबाखाली बोट दाखवलं. पेठेत तेवढीच एक जागा मोकळी होती. मला मामांचा राग आला आणि अभिमानही वाटला. कुठला आधी वाटला ते सांगता येणार नाही.

मग जे झालं त्याचा मला आजही मेळ लागत नाही. आमच्या छत्र्यांचा आणि बॅटऱ्यांचा खप कायमचा बसला. पण त्याच्याकडं आलेलं गिऱ्हाईक जाता जाता आमच्याकडं पिना आणि कुंकू घ्यायला लागलं. कुठल्या बाजारी आम्ही वर, कुठल्या बाजारी खाली. त्या श्रावणात भंडाऱ्याला तो हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची बादली घेऊन वाढत आला. मामांच्या पत्रावळीपाशी थांबला. मामांनी थोडी वाढ म्हणून खूण केली, त्यानं भरपूर वाढली, आणि मामांनी ती सगळी खाल्ली.

एकदा दुकानात कुणी नसताना मी विचारलं, "मामा, धर्मादा लावला ते चांगलं झालं का वाईट?"

"कुणाला ठाव, बाय. नसता लावला तर तो परका म्हणून शिव्या तरी घालता आल्या असत्या," मामा म्हणाले आणि कंगव्यांचा डबा पुसायला घेतला.

तोवर आमचे हे, म्हणजे माझा नवरा, खरेदीला जालन्याला जायला लागले होते. मोंढ्यातला म्हणजे घाऊक बाजारातला व्यापारी जे स्वस्त देईल ते आणायचे. चाप आणले, मग आरसे, मग कंगवे. मामा एक एक वस्तू उलटी करून मागची अक्षरं बघायचे. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण अक्षरं कशाची आहेत ते त्यांना कळत असावं. कारण बघून झालं की ते वस्तू मुकाट मांडणीवर ठेवायचे. धर्मादा मात्र आमचा एकपटच जात राहिला. तो विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही.

मामा गेले ते पौषात, झोपेतच. आमच्यात सुतक पाळत नाहीत, त्यामुळं दुकान दुसऱ्या दिवशी उघडलं असतं तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण ह्यांच्या मनात वेगळंच आलं. म्हणाले, कटलरीत आता काय राहिलंय, दुकान सोडून देऊ, बीडला नोकरी बघतो. घरात सगळ्यांनी मान डोलावली. मला कुणी विचारलं नाही. ह्यांचं खोटं नव्हतं. पण ते स्टूल बंद शटरच्या आत आहे, हे आठवलं की मला रडू यायचं. भाकरी थापताना रडायचे, म्हणजे धुराचं निमित्त सांगता यायचं.

एक बाजार गेला, दुसरा गेला, तिसरा, चौथाही गेला. पाचव्या बाजारी मनाचा हिय्या करून मी आत्याबाईंना म्हटलं, निदान सामान तरी बघून येते. त्यांनी कनवटीची किल्ली काढून माझ्या हातात दिली. देवळाचे पुजारी पायरीपाशी उभे असतील आणि जागा मोकळी झाल्याचं सांगतील, असं मनाशी धरूनच मी पेठेत गेले. पायरीपाशी कुणी नव्हतं. लिंबाखाली तो होता. मला बघून उठून उभा राहिला.

"वैनी, उघडा की. बाया पिना मागून मागून परत चालल्यात."

"आता कशाचं उघडा? चार बाजार चुकले. जागा गेली आमची," मी म्हटलं.

"न्हाई गेली. तुमचा धर्मादा मी घालतोय दर बाजारी. मामांनी मला जागा दिलती, त्यांची जागा मी मोकळी होऊ देईन व्हय?"

मला त्याचे पाय धरावेसे वाटले आणि त्याच क्षणी त्याची ताडपत्री ओढून फेकावीशी वाटली. ज्याच्या पायी दुकान खाली आलं, त्यानंच ते धरून ठेवलं होतं. आभार मानू का भांडू, काही उमजेना. तोंडातून भलतंच निघालं.

"किती घातला?" मी विचारलं.

तो खाली बघून आपले चाप सारखे करायला लागला. मग म्हणाला, "दुप्पट. तुमच्या दुकानात बी आता समदा बाहेरचाच माल हाय की, वैनी. मामांनी केलेला नियम, देवाला खोटं कसं घालू?"

मी किल्ली लावली आणि शटर वर केलं. स्टुलावर धूळ बसली होती, ती पदरानं पुसली आणि बसले. पहिलं गिऱ्हाईक म्हणून आलेल्या बाईनं कंगवा मागितला. तो उलटा करून न बघता मी तिच्या हातात दिला. संध्याकाळी बाजार उठल्यावर मी देवळात गेले आणि दुप्पट धर्मादा घातला.