कोळशाच्या इस्त्रीखालचं सर्किट

१२ जानेवारी. आज टाकीच्या अलार्मसाठी घरीच सर्किटबोर्ड बनवायला घेतला आणि सावेडीतला इस्त्रीवाला आठवला. त्याची टपरी आता नाही. माझ्या हलक्या इस्त्रीने कागदावरचं छापील सर्किट तांब्याच्या पत्र्यावर धड उतरत नसे. त्याची जड, कोळशाची इस्त्री ते चोख उतरवी. आधी तो ती ओल्या फडक्यावर टेकवून चुर्र ऐकायचा, मगच दाबायचा.

एकदा अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंसाठी बेल करायची होती आणि तांब्याचा एकच तुकडा उरला होता. कागद बघून त्याने इस्त्री वरच धरली.

"ताई, आज अक्षरं सुलटी हायेत. दर येळी उलटी असत्यात."

"वाचलंत?"

"वाचाया कुठं येतंय? डोळं हायेत की!"

कागद पालथा दाबला की छाप उलटतो, म्हणून छपाई उलटी काढावी लागते; तेच मी विसरले होते. तुकडा वाया गेला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा कागद घेऊन गेले. "दाखवा आधी," तो म्हणाला. मी उलट्या अक्षरांचा कागद त्याच्यापुढे धरला.