इंजिनाची वरात

दिनू गेल्याचं मला सकाळी कळलं, आणि दुपारी त्याला नेणारी गाडी परळच्या नाक्यावर दोनदा बंद पडली. दुसऱ्यांदा बंद पडली तेव्हा मला हसू आलं. शेजारी बसलेल्या सुनेनं दचकून माझा हात धरला; सासूबाईंचं काहीतरी बिनसलं असं तिला वाटलं असणार. पण झालं होतं असं, की मागून माणसं पायी चालत होती आणि आमचा चालक पोरगा घाईतला. माणसांच्या चालीनं गाडी न्यायची त्याला सवयच नव्हती. बाबा रे, पहिल्या गिअरमध्ये टाक, पाय काढून घे आणि तिची ती चालू दे... हे त्याला समजावून सांगू शकेल असा एकच माणूस त्या गाडीत होता, आणि तो आडवा झोपलेला होता. आता महिना उलटून गेला, तरी दिनूची आठवण आली की आधी हसूच येतं. त्याला मी काय करू?

दिनू माझा चुलतभाऊ. मी त्याच्याहून सहा महिन्यांनी मोठी, पण जन्मात कधी त्यानं मला ताई म्हटलं नाही. मी त्याची 'कुमे' आणि तो माझा 'दिन्या'. लालबागच्या चाळीत आमच्या खोल्या शेजारी-शेजारी होत्या आणि मधल्या भिंतीवर ठोकून बोलायची आमची पद्धत होती. त्याचे वडील, आमचे अण्णाकाका, एका शेठजींची मोटार चालवायचे. शेठजींनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी काकांना देऊन टाकली. लढाईच्या आधीची अमेरिकन गाडी, उघड्या टपाची, रंगानं कोवळ्या केळीच्या पानासारखी. काकांनी ती वरातीला द्यायला सुरुवात केली. गिरगावापासून दादरपर्यंत ज्यांच्या घरी साधी सायकल नव्हती अशी कितीतरी माणसं आयुष्यात एकदा मोटारीत बसली, ती काकांच्या गाडीत. काकांचा एक दंडक होता. नवरीच्या हातात काठोकाठ भरलेली पाण्याची लोटी दिली, तरी सासर येईपर्यंत थेंब सांडता कामा नये. त्यासाठी माईची, म्हणजे काकूंची, एक पितळी लोटी कायम गाडीत असायची. काका गेले तेव्हा दिनूला नुकतं मिसरूड फुटलं होतं. गाडी आणि लोटी दोन्ही त्याच्याकडे आली.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. आज चौपाटीवर सभा, उद्या दादरला मोर्चा, परवा पुन्हा कुठंतरी लाठीमार. लालबागमध्ये त्या वेळी घरात बसणारा तरुण मुलगा सापडला असता तर डॉक्टरला दाखवला असता. दिनूही एका संध्याकाळी गाडीत मावतील तितकी पोरं भरून सभेला गेला. आत बसलेली, फूटबोर्डावर लटकलेली, मागच्या डिकीवर चढलेली. जाताना गाडीनं निमूट नेलं. येताना रस्ते अडवलेले, वळसे घालत घालत भायखळ्यापर्यंत आले, आणि तिथं आतून असा आवाज झाला की पोलिसांनी काहीतरी फोडलं समजून पोरं पळाली. इंजिन फुटलं होतं. मग पोरांनी परत येऊन गाडी ढकलत काळाचौकीच्या मेस्त्रींच्या शेडपर्यंत आणली. घोषणा देऊन सगळ्यांचे घसे बसलेले, त्यामुळे वाटेत कोणी बोलतही नव्हतं.

माई करारी बाई होती. ती रडली नाही, रागावलीही नाही. तुळशीचं लग्न लागेपर्यंत गाडी वरातीला उभी राहिली तर ठीक, नाहीतर दादरचा एक व्यापारी ती घ्यायला तयार आहे आणि दिनूच्या मामानं गिरणीत टाइमकीपरची जागा बघून ठेवली आहे, एवढंच तिनं सांगितलं. व्यापारी गाडी तोडून सुटी विकणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या रात्री भिंतीवर टकटक झाली. दिनू पलीकडून म्हणाला, "कुमे, गाडी तुटली तर अण्णा दुसऱ्यांदा जातील गं." तो असं कधी बोलायचा नाही. मीही भिंतीवर नुसतं टकटक केलं.

त्या जातीचं इंजिन आता मिळणं शक्य नव्हतं. परदेशातून माल यायचा बंद झालेला आणि भंगारात होती ती आमच्यापेक्षा म्हातारी. म्हणजे जुन्या गाडीत नवं इंजिन बसवायचं, आणि ते निवडायचं दिनूनं. काळाचौकीचे परब मेस्त्री मालवणचे. हात सोन्याचा, पण मतं दगडाची. त्यांच्याकडे दोन इंजिनं होती. एक अपघातात सापडलेल्या नव्या छोट्या गाडीचं पेट्रोलचं, देखणं आणि आवाजाला गोड. दुसरं डिझेलचं, टॅक्सीवाले तेव्हा नव्यानं बसवू लागले होते तसलं, काळं आणि धिप्पाड. दिनूनं दोन्ही जागच्या जागी चालू करून त्यांच्यावर भरलेली लोटी ठेवली. पेट्रोलवर पाणी नुसतं शहारलं. डिझेलवर लोटी आधी नाचली, मग चालत चालत कडेला गेली आणि परबांच्या पायावर पडली. परब म्हणाले, "नवरो-नवरी अशीच गदगदान हालतली. मगे माका शिव्या घालूक येव नको." निवड तिथंच झाली.

पेट्रोलचं इंजिन 'आवडलं तर ठेव' या बोलीवर बसवलं आणि परीक्षा घ्यायला आम्ही निघालो थेट वरळीला. मी, दिनू आणि परब. काय पळाली म्हणून सांगू! कोळीवाड्यापाशी थांबलो तेव्हा सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासात दिनू उभा राहून एकटाच हसत होता. आपण गाडी वाचवली अशी त्याची खात्री झाली होती. घरी येऊन त्यानं माईला वेगाचं वर्णन करून सांगितलं. माई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दिनू, वरात काय वरळीला पळून जाते?"

त्या गाडीनं जन्मभर बँडमागून चालायचं होतं, मुंगीच्या पावलांनी, दर नाक्यावर थांबत, आणि आम्ही तिघं शहाणे तिला पळवून बघून आलो होतो. मग दिनूनं ठरवलं की परीक्षा वरातीचीच घ्यायची. चाळीतली पोरं बँडमध्ये वाजवायची. त्यांना तालीम हवीच होती. नवरदेवाच्या वजनाचं म्हणून मागच्या सीटवर तांदळाचं पोतं ठेवलं. नवरीच्या वजनाचं दुसरं पोतं मिळेना, म्हणून मला बसवलं. भर दुपारी लालबागहून परळकडे आमची वरात निघाली. लोक गॅलऱ्यांतून वाकून बघत होते. एका म्हातारीनं सवयीनं माझ्यावरून आणि पोत्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. काही पोरांना हा मोर्चाच वाटला आणि ती बँडच्या तालावर 'झालाच पाहिजे' म्हणत सामील झाली. साहजिकच हवालदार आला. जमावाला बंदी आहे, हा मोर्चा कसला, म्हणून त्यानं दरडावलं. दिनू अगदी नम्रपणे म्हणाला, "मोर्चा नाही साहेब, इंजिनाची वरात आहे." हवालदारानं पोत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढं जायला सांगितलं. पुढं जाणं मात्र आमच्या हाती नव्हतं. भारी गाडी आणि छोटं इंजिन; दिनू क्लचवर पाय धरून धरून तिला रांगवत होता. दुसऱ्या नाक्यावर जळका वास आला, तिसऱ्यावर गाडी धक्का खाऊन थांबली ती थांबलीच. माझ्या आईला तोवर बातमी पोचली होती, की कुमुदनं परस्पर लग्न केलं आणि जावई फार बोलत नाहीत.

दिवाळी तोंडावर आली होती. दिनू दोन दिवस शेडमध्ये नुसता बसून राहिला. मग परबांना म्हणाला, डिझेल लावा. परबांनी हात जोडले. पण दिनूनं एक गोष्ट हेरली होती. टॅक्सीतलं ते काळं धूड पहिल्या गिअरमध्ये पाय न लावता माणसाच्या चालीनं आपलं आपण ओढत राहायचं, मरायचं नाही की तापायचं नाही. आवाजाची चिंता करायचं कारण नव्हतं, पुढं बँड असणार. उरली थरथर. परळच्या गिरणीत यंत्रांखाली धक्के खाण्यासाठी रबराच्या जाड गाद्या घालायचे. दिनूनं तसल्या मिळवल्या, इंजिनाखाली बसवल्या, काढल्या, कापल्या, पुन्हा बसवल्या. शेवटी सीटवर लोटी ठेवली. पाणी थरथरलं... थरथरत राहिलं... पण सांडलं नाही. परब बघत होते. म्हणाले, "बरा आसा," आणि चहा सांगितला. त्यांच्याकडून एवढं म्हणजे सत्कारच.

तुळशीच्या लग्नानंतरची पहिली वरात चिंचपोकळीहून निघाली. माई स्वतः बघायला रस्त्यावर उभी होती. इंजिनाच्या थरथरीनं नवरीच्या मुंडावळ्या सारख्या कापत होत्या, आणि कडेच्या बायका डोळे पुसत म्हणत होत्या, पोर किती हळवी आहे बघा, माहेर सोडवत नाही तिला. नवऱ्याच्याही कापत होत्या. त्याचं कारण बायकांनी वेगळं लावलं. वरात कुठं न अडखळता पार पडली. त्या हंगामात लोक 'ती हळव्या नवरीची गाडी' मागायला लागले. माईनं व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवलं आणि मामाला चहाला बोलावून तेच सांगितलं. दिनू आयुष्यभर टाइमकीपर झाला नाही. वेळ पाळणं त्याला कधी जमलंही नाही, गिरणी वाचली.

महाराष्ट्र झाला त्या मे महिन्यात माझं लग्न झालं. या खेपेला खरं. रस्त्यांवर राज्याच्या आनंदातल्या पताका आणि दिवे अजून तसेच होते, आणि सासरच्यांना मी सांगत होते की हे सगळं आमच्या माणसांनी माझ्यासाठी केलंय. दिवेलागणीला लालबागहून निघालो. बँडवाले परळला थांबले, त्यांना दुसरी सुपारी होती. पुढं दादरपर्यंत रस्ता मोकळा होता, तरी गाडी त्याच चालीनं चालली होती. नवरदेव चुळबुळ करू लागले. मी पुढं वाकून हळूच म्हटलं, "दिन्या, बँड गेला रे. आता पळव की."

त्यानं मागं वळून पाहिलं नाही. "हळू जाता यावं म्हणूनच तर घेतलंय हे इंजिन," तो म्हणाला. त्याचा आवाज बसला होता, आणि त्या दिवशी सभा नव्हती. माझ्या मुंडावळ्या मग दादरपर्यंत थरथरत होत्या. सगळा दोष मी इंजिनाला देणार नाही.

परवा दिनूच्या मुलानं, अविनाशनं, काळाचौकीच्या शेडमध्ये बोलावलं. गाडी आहे तशी आहे. रंग उडाला आहे, पण इंजिन एका झटक्यात चालू झालं. लोटी पुढच्या कप्प्यात होती, काळी पडलेली. मी ती नळाखाली धुतली, काठोकाठ भरली आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. दादरला सोड म्हटलं. रस्त्यावर आलो तसे मागून हॉर्न वाजू लागले. एक टॅक्सीवाला बाजूनं जाताना काहीतरी बोललाही. अविनाश ओशाळून म्हणाला, "आत्या, जरा पळवू का?"

"नको," मी म्हटलं. "हळू जाता यावं म्हणूनच घेतलंय हे इंजिन."

लोटी मी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. पाणी थरथरत होतं, सांडत नव्हतं.