प्रलंबित खिडकी

काकांनी मला फसवलं. पैशाला नव्हे, पैशाला मला फसवणारा माणूस अजून जन्मायचा आहे. काकांनी मला खिडकीला फसवलं, आणि खिडक्या बनवून विकणं हाच माझा धंदा होता, यावरून त्या माणसाची ताकद ओळखा. परक्या देशात, भाड्याच्या फ्लॅटमध्ये, अकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या, मुदतीवर जगत असताना दिवाणखान्यात चक्क नगरपालिका चालवणारा माणूस या पृथ्वीच्या पाठीवर एकच होऊन गेला, आणि तो माझ्या वाट्याला यायचा होता.

ते माझे काका नव्हते. कोणाचेच नव्हते. गावाकडे एका तालुक्याच्या नगरपालिकेत बांधकाम परवानगीच्या खात्यात त्यांनी अर्धं आयुष्य काढलं, पोरींच्या लग्नांसाठी नोकरी सोडली आणि कुवेतमध्ये एका कंत्राटी कंपनीत स्टोअरकीपर म्हणून आले. आम्ही राहायचो अबू हलीफाला, तिसऱ्या मजल्यावर, बाराएक माणसं. बहुतेक कोकणातली, सुतार, फिटर, शिंपी, आणि ॲल्युमिनियमच्या कामातला मी. सगळ्यांच्या बायका गावी. हॉलमध्ये प्लायवूडचे आडोसे घालून गाळे पाडलेले, एका गाळ्यात एक खाट, एक बॅग आणि एक माणूस. असा संसार सगळीकडेच असतो. आमच्याकडे फरक एवढाच, की त्या प्लायवूडला नियम होते. खाट आणि आडोसा यांच्यात चार बोटं बाजूचं अंतर; चादर खोचता आली पाहिजे आणि झुरळाचं औषध मारता आलं पाहिजे. आडोसा छताच्या वीतभर खाली थांबला पाहिजे, कारण एसी एकच, आणि त्याच्या गारव्यावर सगळ्यांचा हक्क. हॉलच्या टोकाला एकुलती एक खिडकी होती. तिच्यासमोरची जागा सार्वजनिक वापरासाठी आरक्षित. हे सगळं काकांनी आल्याच्या पहिल्याच महिन्यात ठरवलं, आणि त्यांना कोणी नेमलं होतं हे विचारायचं आम्हाला सुचलं तोवर आम्ही त्यांच्याकडे अर्ज करू लागलो होतो.

नियमातून सूट हवी असेल तर शुक्रवारी दुपारी मंडळ बसायचं. अध्यक्ष काका. सभासद दोन: मुरुडकडचे इस्माईलभाई, धंद्याने शिंपी, ते नमाज पढून जेवून येईपर्यंत सभा सुरू होत नसे, आणि कुडाळचे बाबू मेस्त्री, सुतार. अर्ज आधी आठवडाभर फ्रीजच्या दारावर चिकटायचा, शेजारच्या गाळेवाल्याची हरकत घेतली जायची आणि मग काका इस्माईलभाईंची कापडी टेप गळ्यात घालून जागेची पाहणी करायचे. सभेला ते इस्त्रीचा शर्ट घालत. एरवी बनियनवर. सभासद म्हणून कोणाला सवलत नव्हती. मेस्त्रींनी स्वतःच्या खाटेवर लोणच्याच्या बरणीसाठी फळी ठोकली, शेजारच्या गाळेवाल्याने हरकत घेतली, तर काकांनी त्यांनाच नोटीस दिली.

"काका, फळी माझ्या डोक्यार आसा, तेच्या नाय," मेस्त्री चिडून म्हणाले.

"फळी तुमच्या डोक्यावर आहे मेस्त्री, पण तिच्यावरच्या बरणीतलं तेल त्याच्या उशीवर गळतं. हे हवेतलं अतिक्रमण झालं."

फळी कापली गेली आणि लोणचं भिंतीकडे सरकलं. इस्माईलभाईंना ईदच्या शिलाईसाठी मशीन वाटेत ठेवायचं होतं. काकांनी तात्पुरती परवानगी दिली. ईदच्या सकाळी भाईंनी मोठ्या प्रेमाने शीरखुर्म्याची वाटी पुढे केली. काकांनी वाटी घेतली, एक चमचा खाल्ला, "उत्तम झालाय" म्हणाले, आणि त्याच चमच्याने मशीनकडे खूण करून म्हणाले, "मुदत संपली."

इराकवर दुसरं युद्ध झालं तेव्हा गॅसच्या भीतीने अख्ख्या कुवेतने खिडक्यांना प्लास्टिक आणि चिकटपट्ट्या लावल्या. सायरन वाजत होता, आणि आमच्याकडे काका विचारत होते, "अर्ज कोणाचा?" शेवटी त्यांनी स्वतःच्या अधिकारात युद्ध संपेपर्यंत खिडकी बंद ठेवायला मंजुरी दिली. युद्ध संपल्याचं रेडिओने सांगितलं तेव्हा बाकीची इमारत पेढे वाटत होती आणि काका स्टुलावर चढून नखाने पट्ट्या खरवडत होते.

त्यांच्याकडे नगरपालिकेच्या गोष्टींचा साठा होता. त्यातली एक आवडती. त्यांच्या गावातला एक व्यापारी दरवर्षी तपासणीच्या आधी दुकानापुढे विटांचा एक ओटा मुद्दाम बांधायचा. पथक यायचं, ओटा फोडायचं, फोटो काढायचं, चहा पिऊन जायचं. मागचं बेकायदा गोदाम वर्षानुवर्षं जागच्या जागी. "आलेल्या अधिकाऱ्याला हात हलवत परत पाठवू नये," काका सांगायचे. "त्याला काहीतरी पाडायला द्यावं. त्याचा कागद भरतो, आपलं घर राहतं." आम्ही पोट धरून हसायचो. सर्वांत मोठ्याने मी.

आता माझ्या खिडकीचं. गावाला आम्ही पडवीत निजायचो. मुंबईला गावकऱ्यांच्या गाळ्यात राहिलो, तिथे वळकटी पसरायची जागाही पाळीने मिळे. सुलैबियाच्या वर्कशॉपमध्ये मी दिवसभर दुसऱ्यांच्या खिडक्या कापत होतो. खैरानच्या शालेंना, म्हणजे समुद्रकाठच्या बंगल्यांना, मी अशा काचा बसवल्या आहेत, की आतून बघावं तर समुद्र गालिच्यावर आलाय असं वाटावं. बसवायच्या, पुसायच्या, सही घ्यायची आणि निघायचं. मला एक खिडकी माझी म्हणून पाहिजे होती. जिच्यापाशी मी उभा राहिलो तर मागून कोणी "जरा सरक" म्हणणार नाही, अशी.

मी काकांना नुसता अर्ज केला नाही, सौदा मांडला. खिडकीची जागा माझ्या गाळ्यात घ्या. बदल्यात स्वयंपाकघराला जाळीचं दार, संडासाला नवा दरवाजा, सगळं माझ्याकडून. काका ऐकून घेत आणि म्हणत, "तू मला भाव सांगू नकोस. कारण सांग."

"पाहिजे, हेच कारण."

"पाहिजे हे कारण होत असतं तर नगरपालिका कशाला लागली असती?"

इस्माईलभाई समजूत घालायचे, "अरे शेट, समुंदर कुठे पळून चाललाय?" अर्ज फेटाळला जायचा. मी शिव्या घालायचो, दार आपटायचो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा फ्रीजवर कागद लावायचो. या देशात मी मालकाचा कामगार होऊन आलो आणि त्याच मालकाचा भागीदार झालो, ते काही एका नकाराने उठून जाऊन नव्हे.

आणि एका शुक्रवारी काकांनी मंजुरी दिली. कारण विचारलं नाही, टेप काढली नाही. हात वर केला. मेस्त्रींनी केला. इस्माईलभाईंनी जमिनीकडे बघत केला. "आडोसा छतापर्यंत ने," काका म्हणाले. "खोली म्हणजे कशी खोली वाटली पाहिजे." छताखालची वीत ज्यांनी वर्षानुवर्षं हाताने मोजली, ते काका हे म्हणाले! घासाघीस न करता मिळालेली वस्तू मी आयुष्यात घेतलेली नाही. तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण आनंद झाला की माणूस गिऱ्हाईक होतो.

मी प्लायवूड लावलं नाही. पांढऱ्या ॲल्युमिनियमची चौकट केली, वरच्या भागात काच, सरकतं दार, छताला नीट टेकवलेलं. असं काम मी शेखांच्या घरीही केलं नसेल. आणि खिडकी माझी झाली. दोन इमारतींच्या फटीतून बोटभर समुद्र दिसायचा, आणि अंधारलं की अहमदीच्या बाजूला तेलाच्या जहाजांचे दिवे. कामावरून आल्यावर मी दार सरकवून तिथे उभा राहायचो. काही करायचो नाही. आठवडा-दीड आठवडा असा गेला.

मग एका संध्याकाळी इमारतीचा हारिस, म्हणजे आमचा इजिप्तचा वॉचमन, धापा टाकत वर आला. "बलदिया! बलदिया!" बलदिया म्हणजे तिथली नगरपालिका, खरीखुरी. कुटुंबांच्या इमारतीत एकटे पुरुष दाटीने राहतात अशी शेजाऱ्यांची तक्रार गेली होती. मागोमाग इन्स्पेक्टर आला. तरुण, अदबशीर, पांढऱ्या झग्याची इस्त्री मोडू नये म्हणून भिंतींपासून जपून चालणारा. बरोबर पाडकामाची हत्यारं घेतलेले दोन कामगार. त्याने हॉलभर नजर फिरवली आणि विचारलं, हे सगळं काय आहे? बारा माणसांच्या खाटा त्या प्रश्नावर टांगलेल्या होत्या.

काका पुढे झाले. इस्त्रीचा शर्ट. वार शुक्रवार नव्हता, हे ध्यानात ठेवा.

"इस्माईलभाई, साहेबांना सांगा, ही कपाटं आहेत. भिंत छताला टेकते, कपाट टेकत नाही. वर हात घालून बघा म्हणावं."

भाईंनी अरबीत सांगितलं. इन्स्पेक्टरने खरंच वर बघितलं. प्रत्येक आडोशावर वीतभर मोकळी हवा. तो काही बोलायच्या आत काकांनी त्याला हाताला धरून, पाहुण्याला देवघर दाखवावं तसं, माझ्या दारापाशी नेलं. त्याचं तिकडे लक्षही गेलं नव्हतं. माझा सगळा दावा एवढ्यावरच उभा आहे: त्याने बोट दाखवायच्या आधी काकांनी दाखवलं.

"ही मात्र भिंत आहे. खिडकीही अडवते. चूक झाली. आत्ता, तुमच्यासमोर काढतो."

"काका!" मी ओरडलो. "मंजुरी दिलीय तुम्ही मला! तिघांनी हात वर केले होते!"

इन्स्पेक्टरने विचारलं, हा काय म्हणतो? इस्माईलभाई म्हणाले, "हा म्हणतो, चूक झाली."

मेस्त्री स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले. माझं काम चोख असल्यामुळे ते चोख सुटलं. एक काचसुद्धा फुटली नाही, याचा मला अजून राग आहे. इन्स्पेक्टरने समोर पाडकाम बघितलं, कागदावर तसं लिहिलं, काकांच्या हातचा चहा घेतला, बाकीच्या कपाटांकडे पाठ केली आणि गेला. पुन्हा आला नाही. बाराही खाटा जागेवर राहिल्या, माझीसुद्धा. खिडकी परत सार्वजनिक.

त्या संध्याकाळी मी काकांना जे बोललो ते छापता येणार नाही. ते बनियनवर येऊन शांतपणे ऐकत बसले आणि शेवटी म्हणाले, "हरकत नोंदव. सुनावणी होईल." मी नोंदवली. फ्रीजवर लावली. शेजारच्या इमारतीत तपासणी सुरू झाल्याची खबर आपण काकांना दिली होती, हे हारिस मागाहून बोलून गेला; दिवस मात्र त्याला नक्की सांगता येईना. माझा प्रश्न एकच होता आणि एकच आहे. ती खबर काकांना मिळाली, ती मला मंजुरी देण्याआधी की नंतर? नंतर असेल तर वेळ आली आणि त्यांनी जे हाताशी होतं ते पुढे केलं. मी धंदेवाला आहे, समजू शकतो. पण आधी असेल, तर माझी खिडकी ही खिडकी नव्हतीच. तो विटांचा ओटा होता. आणि माझ्याकडून तो मला हसवून बांधून घेतला. मला सरळ विचारलं असतं, "बारा जणांसाठी एक भिंत पाडायला पाहिजे, देतोस का?" तर मी दिली असती. किंमत लावली असती, पण दिली असती.

सुनावणी पुढच्या शुक्रवारी होती. त्या शुक्रवारी मेस्त्रींना ओव्हरटाइम लागला. मग रमजान आला. मग भाई रजेवर गेले. मग काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन. आयुष्यात ज्या माणसाने एकही सभा चुकवली नाही, त्याला, दोघांत गणपूर्ती होते हा स्वतःचाच नियम असताना, माझ्या प्रकरणाला गणपूर्ती मिळेना. पण त्यांनी एक केलं. खिडकीपाशी एक स्टूल ठेवलं आणि जाहीर केलं, की शुक्रवारी दुपार उतरतानाच्या असरच्या बांगेपासून सूर्यास्ताच्या मगरिबच्या बांगेपर्यंत ही जागा माझी. तात्पुरती सोय. "बस रे," ते म्हणायचे. "जहाजं आली बघ." मी एकदाही बसलो नाही. बसलो असतो तर तडजोड मान्य केल्यासारखं झालं असतं आणि माझा दावा पडला असता. दुसऱ्या कोणाला काकांनी बसू दिलं नाही. दर शुक्रवारी ते स्टूल समुद्राकडे तोंड करून एकटंच बसायचं, आणि मी माझ्या खाटेवर पाठ करून.

काका कायमचे निघाले तेव्हा विमानतळावर मीच गाडीतून सोडलं. बॅग मी उचलली. आत जाताना ते मागे वळले आणि म्हणाले, "तुझं प्रकरण प्रलंबित आहे. बंद केलेलं नाही." मी म्हटलं, "उत्तर देऊन जा." त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. त्याला मी उत्तर मानत नाही.

काका वारले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मी गावी घर बांधलं, त्याला चारी बाजूंनी खिडक्या आहेत. कोणी "जरा सरक" म्हणत नाही, आणि खरं सांगायचं तर कोणी "बस रे" म्हणणाराही नाही. मेस्त्रींना विचारलं तर म्हणतात, "माका कायएक आठवत नाय." इस्माईलभाई फोनवर हसतात आणि म्हणतात, "शेट, काकांना विचारायला पाहिजे होतंस." भाई, हसू नका. त्या दिवशी हात वर करताना तुम्ही जमिनीकडे का बघत होतात? तिघांपैकी दोघे हयात आहात. दोघांत गणपूर्ती होते, हा काकांचाच नियम आहे. मला तारीख द्या. मुरुडला बोलवा, कुडाळला बोलवा, शुक्रवार कोणताही चालेल. आधी की नंतर, एवढं एक कोणीतरी मला सांगितलंच पाहिजे. स्टूल मी घेऊन येतो.