रोमने जिंकलेला प्रांत, आमच्या शाळेतला

तुमच्या बापासमोर तुम्हाला कधी कोणी गुडघ्यावर आणलंय?

मी तेव्हा नववीत होते. लाखांदूर तालुक्यातलं गाव. आमच्या जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. गॅदरिंगला इतिहासाच्या सरांनी रोमचं नाटक बसवलं. रोमने एक प्रांत जिंकला, हरलेल्यांना जुवाखालून वाकून जायला लावलं, मग त्यांना रस्ते दिले, कायदा दिला. रोमचा सुभेदार झाला गावच्या जमीनदारांचा, मालगुजारांचा नातू. सैनिक त्याच्याच आळीतले. हरलेले आम्ही आठ जण. आठही बौद्ध वस्तीतले.

सर म्हणाले, "तुम्हाला संवाद नाहीत. सोपं काम आहे."

तालमीत मी विचारलं, "सर, त्या रस्त्यानं त्यायचं धान्य रोमलेच गेलं ना?"

"रोमले नाही, रोमला. आधी बोलायला शीक."

सगळे हसले. त्या प्रांताची भाषाही अशीच हसून हसून मारली असेल.

गॅदरिंगला जू खरं आणलं. मालगुजारांच्या गोठ्यातलं, शेणाचा वास असलेलं. तालमीत दोन सैनिक ते छातीइतकं वर धरायचे. त्या दिवशी गुडघ्यापर्यंत खाली आणलं. माझ्या पुढचे सात जण रांगत गेले. लोक हसत होते. खुर्च्यांच्या मागे माझा बाप उभा होता. त्याच मालगुजारांच्या धानाच्या बांधीत, भातशेतात, जन्मभर राबलेला.

"काहून थांबून राहिली वं? वाक ना," सुभेदार हळूच म्हणाला. "तुहा बाप तं रोजच वाकते."

मी जू ढकललं. ते धाडकन पडलं.

"मी नाही वाकत. तू वाक."

घाईघाईनं पडदा पाडला.

त्या आठवड्यात धान चुरायला, मळणीला, बापाला मालगुजारांचं बोलावणं आलं नाही. पुढेही नाही. घरी तो एवढंच म्हणाला, "जरासं वाकली असती तं का झालं असतं, बाई?" ते सात जणही माझ्याशी बोलेनासे झाले. पुढच्या वर्षी तेच नाटक पुन्हा झालं. माझ्या जागी वाकायला आठवी मुलगी मिळाली.

नंतर वाचलं, प्रांतातले मोठे जमीनदार स्वतःच रोमन होऊन गेले. जमीन त्यांचीच राहिली. आमच्याकडे जिल्हा फुटला, साहेब बदलले, नकाशा बदलला. बांध्या ज्यांच्या होत्या त्यांच्याच आहेत. हे बदलेल अशी आशा मला नाही. आशा नसतानाही नकार देता येतो, एवढं मला कळलं आहे. तो मी देत राहणार. बापाची मजुरी गेली, तरीही.

तुम्ही एक करा. तुमच्या गावच्या शाळेत नाटक ठरलं की भूमिकांची यादी मागा. राजा कोण, गुलाम कोण, आडनावांसकट वाचा. सरांसमोर, मोठ्यानं वाचा.