माणूस नसलेलं बेट

माझा नवरा मूळचा पुण्याचा, मी इथलीच, कानडी. हेब्बाळच्या ऑफिसातून घरी आला की म्हणायचा, "मला आता माणूस दिसायला नको." मी समोर बसलेलीच असायचे.

शेवटी त्यानं लक्षद्वीपमधली निर्मनुष्य बेटं शोधून काढली, परवाने मिळवले. बसवनगुडीतल्या माझ्या थोरल्या बहिणीला हे कळलं, तशी ती म्हणाली, "सरी, ठरलं तर, मीही येते." अक्का म्हणजे बसच्या एका फेरीत कंडक्टरच्या मुलीचं लग्न जमवणारी बाई. नवऱ्याचा चेहरा उतरला. पण अक्काला नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही.

वस्तीच्या बेटावरून होडीनं निघालो. पाणी इतकं नितळ, की होडीची सावली तळाशी पळताना दिसत होती. पुढे तीन चिमुकली बेटं, नारळी आणि वाळू. नावाड्यानं मधल्या बेटावर उतरवलं आणि स्वतः झाडाखाली आडवा झाला.

"ऐका," नवरा म्हणाला, "काहीच ऐकू येत नाही!"

मग तो ती शांतता आम्हाला समजावून सांगू लागला. प्रवाळ कसं वाढतं, शंखातले खेकडे घरं कशी बदलतात. आम्ही दाद देईना, तेव्हा त्यानं नावाड्याला उठवून मुलं किती, शाळा कुठे, असं हिंदीत विचारलं. नावाडी मल्याळममध्ये काहीतरी पुटपुटला आणि कुशीवर वळला.

अक्का मात्र सलवार-कमीजसकट गळ्यापर्यंत पाण्यात बसली होती. उतरल्यापासून तिनं चकार शब्द काढला नव्हता. मीच घाबरले. "अक्का, बरं वाटतंय ना?" ती नुसती हसली.

नवरा तिला भरती-ओहोटी समजावायला गेला, तेव्हा ती म्हणाली, "स्वल्प गप्प बसा हो."

तो फुरंगटून बेटाला फेरी मारायला निघाला. बेट ते केवढं! थोड्याच वेळात दुसऱ्या बाजूनं आमच्यासमोर हजर. ओळख नसल्यासारखा पुढे गेला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा मला हसू आवरेना, मग त्यालाही. मुकाट्यानं येऊन तो अक्काशेजारी बसला. अख्खा समुद्र मोकळा असताना तिनं सरकून त्याला जागा करून दिली.

बराच वेळ दोघांची नुसती डोकी दिसत होती. नावाडी हाका मारू लागला. मी त्यांच्या चपला घेऊन पाण्यात शिरले आणि ओरडले, "होडी निघाली!"

"जाऊ दे," अक्का म्हणाली. नवऱ्यानं गंभीरपणे मान डोलावली.