फोटोखालचा शब्द

"अहो मावशी, उठा. त्या खुर्च्या समितीसाठी आहेत. तुमच्यासाठी सतरंजी घातलीय ना?"

आई उठली.

खुर्चीला पांढरं कव्हर होतं. रस्ता झाडायची पाळी संपवून आई तशीच बैठकीच्या हॉलवर आली होती. कव्हरवर धुळीचा पुसट ठसा उमटला होता. आमदारांचे पीए त्या ठशाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, एवढं कव्हर बदलून घ्या."

मी हलले नाही. आईच हलली. तिनं कव्हर काढलं, घडी घातली, काखेत धरलं.

"धुऊन आणून देते, साहेब."

"राहू दे. ठेवा तुम्हालाच."

आवाज चढला नाही. कुणी ढकललं नाही. कुणी जात विचारली नाही. विचारायची गरजच पडली नाही. आमच्या पुण्यात अपमानसुद्धा अहो-जाहो करून होतो.

त्या बाई माझ्या आई आहेत, हे पीएंना माहीत नव्हतं. आईनंच मला बजावलं होतं, "तिथं मला आई म्हणू नको. तुझ्या नोकरीला नाट लागायला नको."

माझी नोकरी आमदारांच्या सदाशिव पेठेतल्या कार्यालयात. मतदारांसाठी दर महिन्याला एक वार्तापत्र निघायचं, ते मी लिहायचे. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. वडील वस्तीत मागण्यांची पत्रकं वाटायचे. उरलेली घरी यायची. कोऱ्या बाजूवर मी गिरवायचे, छापील बाजू वाचायचे. त्या पत्रकांत शेवटी ठरलेले शब्द असायचे : मिळालेच पाहिजे. वडील गेले, पत्रकं थांबली. मला काम मिळालं ते वार्तापत्राचं. त्यात शेवटी ठरलेला शब्द होता : आभार.

आमदारसाहेब विधिमंडळाच्या एका समितीवर होते. सफाई कामगारांची परिस्थिती पाहायला समिती पुण्यात आली, आणि एक बैठक आमच्या कर्वेनगरात ठरली. कामगारांचं म्हणणं ऐकून घेणार, असं मीच वार्तापत्रात लिहिलं होतं. ते वाचून आईच्या कोठीवरच्या, म्हणजे जिथं हजेरी लागते त्या खोलीवरच्या, बायकांनी आईला पुढं केलं. "तुझी पोरगी लिहिती ना तिथं? मग तूच बोल."

आई आठवडाभर एकच वाक्य घोकत होती. भाकरी थापताना, केस विंचरताना. ओठ हलायचे.

बैठकीत आधी अधिकारी बोलले. बराच वेळ बोलले. मग साहेब म्हणाले, "भगिनींपैकी कुणाला काही सांगायचंय?"

आई सतरंजीवरून उठली. काखेत ते कव्हर तसंच होतं.

"साहेब, आम्ही अख्खं कर्वेनगर झाडतो. पण आम्हा बायकांना जायला कोठीवर संडास नाही. म्हणून आम्ही कामावर पाणी पीत नाही."

एवढंच. आईनं रडगाणं लावलं नाही. हात जोडले नाहीत.

टेबलावर प्रत्येकासमोर पाण्याची बाटली होती. एका सदस्यांनी बाटलीकडे नेलेला हात मागं घेतला. मी ते पाहिलं. मला वाटलं, पोचलं. पोचलं वाक्य.

"नोंद घ्या," साहेब म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही.

मग रेनकोट वाटले. आई पुढंच उभी होती, म्हणून पहिला तिला. कॅमेरा आला. "मावशी, इकडं बघा. हसा जरा." आई हसली नाही. पण रेनकोट तिच्या हातात होता, आणि फोटोला तेवढं पुरतं.

मी बातमी लिहिली. आईचं वाक्य जसंच्या तसं घातलं. खाली नाव घातलं. आईचं नाव पहिल्यांदा छापून येणार होतं.

पीएंनी कागद परत पाठवला. वाक्यावर लाल रेघ. मी विचारायला गेले.

"अहो, लोक सकाळी चहा घेताना वाचतात हे. संडास कशाला त्यांच्या कपात?"

त्यांनी शेजारी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : सफाई भगिनींनी समितीपुढे समाधान व्यक्त केले. आणि फोटोखाली, आईच्या नावाच्या जागी, एक शब्द. लाभार्थी.

मी ते पान घरी नेलं. का नेलं, आजही नीट सांगता येत नाही. आईला वाचता येत नाही. तिनं पान उजेडात धरलं, स्वतःचा फोटो पाहिला, पदराला हात पुसून त्यावर बोट ठेवलं.

"ह्ये मी. आन् माझं बोलणं कुठं हाय?"

मी पान हातात घेतलं.

"वाच की. बायका इचारत्याल."

मी वाचलं. समाधान व्यक्त केले, इथपर्यंत वाचलं. मग आई फोटोखालच्या शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "आन् ह्ये काय? माझं नाव?"

"नाही. लाभार्थी."

"म्हंजी?"

"ज्याला मिळालं तो."

आईनं पान खाली ठेवलं. "पर मी रेनकोट मागितलाच नव्हता," ती म्हणाली. रागानं नाही. जणू तिचंच काही चुकलं असावं, बोलताना एखादा शब्द मागंपुढं झाला असावा, अशा आवाजात. तो आवाज मला सहन झाला नाही. अजून होत नाही.

दुसऱ्या दिवशी पान घेऊन मी पीएंसमोर उभी राहिले. साहेबही तिथंच होते.

"हे मी लिहिणार नाही."

"क्रांती उद्या करा. आज अंक प्रेसला जाऊ दे," पीए म्हणाले.

"त्या माझ्या आई आहेत."

"कोण?"

"लाभार्थी."

पीएंनी चष्मा काढून पुसला. साहेबांनी मात्र मायेनं बघितलं. "आधी सांगायचं ना बाळ. आईंना आपण खुर्ची दिली असती."

तिथं माझ्या डोळ्यांवरची उरलीसुरली झापडं गळून पडली. खुर्ची आमदारांच्या ऑफिसातल्या पोरीच्या आईला मिळाली असती. झाडणाऱ्या बाईला नाही. आणि वाक्य? ते दोघींनाही नाही.

"आईचं वाक्य छापा, साहेब. तिच्या नावानं."

"समितीचं काम टप्प्याटप्प्यानं चालतं. तू भावनेच्या भरात बोलतेस."

मी पान टेबलावर ठेवलं आणि जिना उतरले, तो कायमचा.

अंक निघाला. फोटो, समाधान, लाभार्थी. कर्वेनगरात सोसायट्यांच्या गेटवर गठ्ठे पडले. काही पानं उडाली, रस्त्यावर आली. ती आईनं झाडली. स्वतःचा फोटो स्वतःच्या झाडूनं. घरी येऊन तिनं एवढंच सांगितलं आणि चूल पेटवायला बसली.

कोठीवर अजून संडास नाही. आई अजून कामावर पाणी पीत नाही. तिला लघवीला जळजळ होते, ती कण्हत नाही, फक्त भिंतीला टेकून उभी राहते. ते कव्हर तिनं धुतलं. दोरीवर वाळत घातलं, घडी करून ठेवलं. परत न्यायचं नाही, असं मी तिला सांगितलंय.

मी आता पत्रक काढलंय. एका बाजूला आईचं वाक्य, तिचं नाव, आणि खाली ते दोन शब्द : मिळालेच पाहिजे. दुसरी बाजू कोरी. कोठीवरच्या बायकांच्या पोरांना गिरवायला.

एक दिवस तो संडास होईल. फीत कापायला साहेब येतील, आईला शेजारी उभं करतील, कॅमेरा येईल. त्या फोटोखाली पुन्हा तोच शब्द आला, तर मी तो खोडीन. गेटवरच्या गठ्ठ्यातल्या एकेका प्रतीवर खोडीन, आणि तिथं लिहीन : हिनं मागितलं होतं.