मोहाचा रकाना

मोहफुलांना मी तक्त्यातून हाकललं, ही माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी चूक. तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते; चष्मा नाकावर आणि अक्कल रजेवर. चंद्रपुरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत, कुठल्या कामाला किती महिने लागतील याचा अंदाज सांगणारं सूत्र मी बसवत होते. त्यात काय काय धरायचं ते जुन्या कामांच्या तक्त्यावरून ठरायचं: स्क्रीन किती, रिपोर्ट किती, प्रोग्रामरचा अनुभव किती. ‘वापरणारी माणसं भेटतात का’ असाही एक रकाना होता. पण जुनी कामं सगळी इथल्याच ऊर्जानगरातली, वीजकेंद्राच्या वसाहतीतली. तिथली माणसं फोन केला की हजर. प्रत्येक ओळीत तेच उत्तर, मग त्याने फरक काय पडतो? खोडला रकाना. स्वतःवर इतकी खूश, की कॅन्टीनमध्ये दोन समोसे जास्त खाल्ले.

मग कुरखेड्याकडच्या जंगलगावांतल्या वनोपज खरेदीच्या नोंदींचं काम आलं. सूत्र म्हणालं, चार महिने. प्रोग्राम लिहिणार होती तिकडचीच एक मुलगी, कंत्राटावरची. काम वेळेत झालं तर ती कायम होणार होती. तिने सांगितलं, मोहफुलं वेचायच्या दिवसांत गावात कोणी सापडत नाही, सगळे जंगलात; आणि त्यामागे लगेच विडीच्या तेंदूपत्त्याची तोडणी लागते.

“आता मोहाचा रकाना कुठून आणू, पोरी?” मी म्हटलं. सगळे हसले. तीही हसली.

ती एसटीने जायची आणि दाराला कुलूप बघून परत यायची. चाराचे नऊ महिने झाले. उशिराचं कारणही सूत्रातूनच काढायचं होतं. स्क्रीन तेवढ्याच, रिपोर्ट तेवढेच; उरला प्रोग्रामर. ‘वेग कमी’ असं लिहून मी खाली सही ठोकली. तिचं कंत्राट संपलं. ती ओळ मात्र तक्त्यात राहिली, आणि पुढे तिच्याइतकाच अनुभव असलेल्या प्रत्येक नव्या मुलीला सूत्र संथच धरू लागलं. ध्यानात आल्यावर साहेबांकडे गेले. ते म्हणाले, आकडे जुळतात ना? मी परत येऊन पुढचा तक्ता उघडला. आता घरी नातवंडांना अक्कल शिकवते, आणि ती ओळ अजून तिथेच असणार.

मधे एकदा वरोऱ्याच्या बसस्टँडवर ती मुलगी भेटली. चूक माझी होती, असं मी एकदाचं सांगून टाकलं. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“मॅडम, तवा तुमी हसल्या म्हणून मीई हसली. माह्या बापाले अजूनई वाटते का पोरगी कामात ढिली होती म्हणून काढलं. तुमी एकदा घरी येऊन त्याले सांगता का?”